आनसाबाईंचं उत्तर

ट्राम सुटली तशी आनसाबाईंनी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ताई, हितं तिकीट बगायला कुणी येतच न्हाई?"

"येतात कधीमधी. आपल्याकडे आहे ना तिकीट."

"तसं न्हवं. कुणी इचारत न्हाई म्हंजे मानसावर इस्वास हाय म्हना की." त्या हसल्या आणि बाबागाडीतल्या मुक्ताच्या पायातला सुटलेला मोजा त्यांनी नीट चढवला. "हिचं पाय किती गार पडत्यात ओ."

मुक्ता तेव्हा अडीच वर्षांची होती. तिचे पाय गारच असायचे, आणि रडली की ओठांभोवती निळसर कड यायची. मी दिवसातून वीसदा ती कड बघायचे. त्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिच्या हृदयावर एक शस्त्रक्रिया झाली होती आणि दुसरी नोव्हेंबरच्या चौदा तारखेला ठरली होती. ज्यांनी पहिली केली त्यांच्याच हातून दुसरी व्हायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या तारखेपर्यंत आम्ही जिनिव्हात असायला हवं होतं. एवढंच मला हवं होतं, दुसरं काही नाही.

आम्ही जिनिव्हात होतो ते माझ्या नवऱ्याच्या, सौमित्रच्या, नोकरीमुळे. एका आंतरराष्ट्रीय संस्थेत त्याचा दोन वर्षांचा करार होता. संस्थेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या गावात अशा संस्था गल्लोगल्ली आहेत. गाव एवढंसं. या टोकाला झेंड्यांची रांग, त्या टोकाला तळं, आणि मधल्या तीन-चार हॉलमध्ये आज या देशाची संध्याकाळ, उद्या त्या देशाची. निमंत्रणावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'पोशाख राष्ट्रीय'. तीच तीच माणसं तेच तेच हात पुन्हा मिळवायची. कोणाचा करार वाढतोय आणि कोणाचा नाही, हे तिथल्या बायकांना त्या हात मिळवण्यावरूनच कळायचं.

सौमित्रचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. वाढवण्याचा कागद त्याच्या विभागाचे संचालक प्रभाकर कारखानीस यांच्या टेबलावर होता. करार गेला की ओळखपत्र परत, विमा बंद, आणि महिनाभरात गाशा गुंडाळायचा.

आनसाबाई त्याच कारखानीसांच्या घरी कामाला होत्या. आजरा तालुक्यातल्या. नवरा कधीचाच वारलेला, गावातलं घर कुलूपबंद. कारखानीसांच्या पत्नी रोहिणीताई त्यांना अकरा महिन्यांपूर्वी घेऊन आल्या होत्या. अकरा महिन्यांत आनसाबाई ट्राममध्ये पहिल्यांदाच बसत होत्या.

"मी काय बोलू त्या बाईफुडं? तुमी सांगा की जरा."

"त्या विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. घाबरायचं नाही."

"घाबरत न्हाई. मला एकच सांगायचंय." त्यांनी बोट वर केलं. "सारिकाला नववा सरत आलाय. पाय सुजल्यात, डोळ्याफुडं अंधारी येतीया म्हंती. पयलं बाळंतपण हाय, ते म्हायेरीच व्हायला पायजे. आन् म्हायेर म्हंजे कोन? मीच की. मी गेले म्हंजे आठ दिस आदी गडहिंग्लजला खोली घेऊन ऱ्हाईन, दवाखान्याच्या म्होरंच. तिचं सासर पार डोंगरात. तितनं गाडी मिळंपर्यंत बाय अडली तर काय करायचं?"

"तारीख काय दिली आहे?"

"घटाच्या आसपास."

पितृपक्ष नुकताच लागला होता. म्हणजे जेमतेम पंधरा दिवस.

*

हे सगळं मला आधीच माहीत होतं. आदल्या दिवशी दुपारी रोहिणीताई आमच्याकडे आल्या होत्या. येताना मुक्तासाठी नाचणीसत्त्वाचा डबा आणला होता. त्यांना असं लक्षात राहायचं.

"अगं ऋजुता, तुझं फ्रेंच आमच्या कामी येऊ दे की. उद्या आनसाला त्या प्रोटोकॉलवाल्यांकडे, इथल्या सरकारी ऑफिसात, जायचंय. दर वर्षी घरकामाच्या माणसांना बोलावतात आणि मालकाला बाहेर ठेवतात. दुभाषाही आपल्या नात्यातला चालत नाही. तू कुठे नात्यातली? म्हटलं, तूच बरी."

"जाईन की ताई."

"तिला एकच खूळ लागलंय बघ. लेकीचं बाळंतपण. मी नाही म्हणते का? दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपली महाराष्ट्राची संध्याकाळ आहे. चाळीस देशांची माणसं येणार, ह्यांच्या अब्रूचा प्रश्न. भाकऱ्या कोण थापणार, जात्यावर कोण बसणार? मी बसू? संध्याकाळ झाली की दुसऱ्या दिवशी विमानात बसवते. वीस-बावीस दिवसांचा तर प्रश्न आहे. शिवाय पक्षपंधरवड्यात कोणी प्रवासाला निघतं का?"

"आणि तारीख आधी आली तर?"

"पहिलटकरणीला नेहमी उशीर होतो गं. मला सांगतेस?" त्यांनी मुक्ताच्या गालाला हात लावला. "हिचं चौदा नोव्हेंबर ना? ह्यांना मी कालच म्हटलं, त्या सौमित्रच्या कागदावर आधी सही करा, पोरीचं ऑपरेशन आहे. म्हणाले, महिनाअखेर बघतो. ऑफिसात कोणी नसती भानगड उपस्थित केली नाही, म्हणजे झालं."

चहा पिऊन त्या गेल्या. जाताना कपबशी स्वतः विसळून ठेवली.

*

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, खिडकीत जांभळ्या फुलांची कुंडी. बाई पन्नाशीच्या होत्या. नाव मादाम दुफूर. त्यांनी आधी मुक्ताला बिस्किट दिलं, मग एक कागद माझ्यापुढे सरकवला. मी मालकाची नातेवाईक नाही, असं त्यावर लिहिलं होतं. मी सही केली. ते खरंच होतं.

आनसाबाई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून. तपासायला ठेवावेत तसे.

"त्यांना स्वतःची खोली आहे का?" मादामनी विचारलं.

"हाय की. धुन्याच्या मशिनीपाशी. गरम ऱ्हातंय, थंडीत बरं."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. मादामनी लिहून घेतलं.

"आठवड्याची सुट्टी?"

"आयतवारी पावनी येत्यात जेवायला. मग सोमवारी म्हंत्यात, पर सोमवारी इस्त्री असती."

"रविवारी पाहुणे असतात," मी म्हटलं, "म्हणून सोमवारी हलकं काम असतं."

एवढंच बदललं. पाहुणी म्हणून गेलेल्या घराबद्दल कोणीही एवढं बदललं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मुक्ता माझ्या मांडीवर चढून बसली. बिस्किट खाताना तिला दम लागायचा. तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली, आणि तिचं ते घाईघाईचं ठोकणं मला माझ्या अंगात लागत होतं.

"यांचा पासपोर्ट कोणाकडे असतो?" मादामनी विचारलं. "आणि यांना घरी जायचं झालं तर या जाऊ शकतात का?"

मी मराठीत विचारलं. आनसाबाई सरसावून बसल्या. माझ्याकडे न बघता थेट मादामकडे बघून बोलल्या, जणू त्या बाईंना शब्दन् शब्द कळत होता.

"पासपोर्ट वैनीसाबांच्या कपाटात, कुलपात. दोनदा मागितला, म्हंत्यात हरवशील. बाई, मला जायाचंय. माजी लेक अवघडल्याली हाय, पयलं बाळंतपण. तिला मी सोडून कुनी न्हाई. वैनीसाब म्हंत्यात दसरा झाल्याबिगर सोडत न्हाई. मी त्यांचं वाईट बोलत न्हाई, अन्न खाल्लंय त्यांचं. पर आता मला सोडा म्हनावं. परत येती मी, जातं वडायला, भाकऱ्या थापायला, काय म्हनाल त्याला. पर आता सोडा."

त्यांनी हात जोडले. मादामनी ते जोडलेले हात पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

फ्रेंचमध्ये तयार वाक्यं सहज येतात. सहा वर्षं शिकले होते मी, पुण्यात, पहिल्या नंबरानं.

"पासपोर्ट घरी सुरक्षित ठेवलेला आहे," मी म्हटलं. "मुलीचं बाळंतपण आहे, त्यासाठी घरी जायचं मालकीणबाईंशी ठरलं आहे. त्या त्यांच्याबद्दल कृतज्ञ आहेत."

मादामचं पेन थांबलं.

"उत्तर बरंच मोठं होतं."

"गावाकडची माणसं अशीच बोलतात. घोळवून."

"जाणार कधी? तारीख त्यांना विचारा. तुम्ही सांगू नका."

मी वळले. "आनसाबाई, बाळंतपणाची तारीख काय म्हणालात?"

"घटस्थापना. सांगितलं न्हवं मगाशी?"

"ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात," मी मादामना सांगितलं. तोवर दसरा होऊन गेलेला असणार होता.

त्यांनी लिहून घेतलं. पुन्हा एकदा आनसाबाईंच्या हातांकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून एक छोटं कार्ड काढून स्वतः त्यांच्या तळव्यावर ठेवलं. मला म्हणाल्या, "यांना सांगा, काहीही अडचण आली तर या नंबरवर फोन करायचा. आमच्याकडे दुभाषे आहेत. यांच्या भाषेतला शोधू."

जिना उतरताना आनसाबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हनाली ओ? कार्ड कशाचं?"

"ऑफिसचं आहे. त्यांचं नाव आहे त्यावर."

"आन् जायाचं?"

"म्हणाल्या, ते त्यांच्या हातात नाही. घरच्या मालकांनीच ठरवायचं."

त्या पायरीवर थांबल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी कार्ड दोन वेळा घडी घालून पोलक्यात ठेवलं आणि बाबागाडीची पुढची बाजू उचलायला वाकल्या.

"चला. तुमी तरी किती बोलनार."

*

महिनाअखेरीस सौमित्रच्या कागदावर सही झाली.

घटस्थापना झाली. पाचव्या माळेला रोहिणीताईंनी फोनवर सांगितलं, "बघ, म्हटलं नव्हतं उशीर होतो? अजून काही नाही." मी इतकी हलकी झाले की त्या दिवशी मुक्ताला घेऊन तळ्यावर बदकं बघायला गेले.

महाराष्ट्राची संध्याकाळ साडेसहाला होती. हॉलच्या दाराशी रोहिणीताईंनी स्वतः रांगोळी काढली होती. जातं त्यांच्या बदलीच्या सामानातून आलेलं, खास. स्टेजवर ते मधोमध मांडलं होतं, मागे झेंडूच्या माळा. आनसाबाईंनी जातं ओढत ओव्या म्हणायच्या आणि मी बाजूला माईकपाशी उभं राहून त्यांचा अर्थ फ्रेंचमध्ये सांगायचा, असं ठरलं होतं.

पडद्याआड मी कागद लावत होते तेव्हा रोहिणीताई आल्या. पैठणी, नथ, मोगऱ्याचा गजरा. चेहरा पांढरा फटक.

"ऋजुता, इकडे ये. दुपारी फोन आला होता. आनसाची सारिका गेली."

"गेली म्हणजे?"

"झटके आले म्हणे. गाडी मिळेपर्यंत..." त्यांनी नथ सावरली. "मुलगी झालीय. ती वाचली. मला तरी काय माहीत गं असं होईल."

पाच-सहा पावलांवर आनसाबाई होत्या. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. ते स्टेजसाठी लावलेलं होतं, विधवेला कोण लावतं गावी. आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या त्या कौतुकानं फिरवून बघत होत्या.

"ताई, त्यांना सांगायला हवं."

"आत्ता? तिथे पोचणार आहे का ती आत्ता? ह्यांनी उद्या सकाळचं तिकीट काढलंय. बाहेर तीन राजदूत बसलेत. तासाभराचा प्रश्न आहे."

"ताई..."

"मग तू सांग." त्या बाजूला सरकल्या, मला वाट दिली. "जा ना. पाच मिनिटं आहेत. तू सांग."

मी गेले नाही.

पडदा उघडला. आनसाबाईंनी खुंटा धरला, दोनदा नुसतंच फिरवलं, आणि मग त्यांचा आवाज लागला. एवढ्याशा बाईचा तेवढा मोठा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

सांजंच्या येळंला, दिवा लाविला दारात
लेकी माज्या सारिकेचं, पाऊल गं अंगणात

आणि त्या माझ्याकडे बघून थांबल्या, शिकवल्याप्रमाणे.

मी माईकमध्ये सांगितलं, 'संध्याकाळच्या वेळी मी दारात दिवा लावला आहे. माझ्या सारिकेचं, माझ्या लेकीचं पाऊल अंगणात वाजतं आहे.' त्या दिवशी मी एकही शब्द सोडला नाही. सात ओव्या झाल्या. सातव्या ओवीनंतर लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात, तेव्हा आनसाबाईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "झालं न्हवं नीट?"

"झालं," मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आमच्या दाराची बेल वाजली. खाली कारखानीसांची गाडी उभी होती. दारात आनसाबाई, अंगावर रोहिणीताईंचा जुना कोट, कपाळ पुसलेलं. हातात पासपोर्ट होता, बोटांना त्याची सवय नव्हती.

"आत या," मी म्हटलं.

"न्हाई, इमान हाय. ह्ये द्यायला आले."

दुपटं होतं. जुन्या सुती लुगड्यांचे चौकोन जोडून शिवलेलं, बारीक टाका, कडेला हिरवी पट्टी. कित्येक रात्री धुण्याच्या मशिनीपाशी बसून शिवलं असणार.

"हे तुमच्या नातीसाठी केलंय ना?"

"तिला दुसरं शिवीन. आता मलाच वाडवायचीय ती, टाईम हाय." त्यांनी डोळे मिटून उघडले. डोळे कोरडे होते. "तुमच्या लेकीला दवाखान्यात न्या ह्ये. तितं गार असतंय. सारिकाच्या बाबतीत तुमी माज्यासाठी किती बोलला त्या बाईसंगं. मी बगत हुते की. त्या गोऱ्या बाईनं ऐकलं न्हाई, त्येला तुमी काय करनार?"

मी दुपटं हातात घेतलं.

"आन् ह्ये." पोलक्यातून त्यांनी चौघडी केलेलं ते कार्ड काढलं. "मला काय वाचाया येत न्हाई. तुमास्नी कवातरी लागंल."

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्या मुक्ताला हात हलवत होत्या. मुक्ताही हलवत होती.

कार्डावर मादाम दुफूर यांचं नाव नव्हतंच. एक नंबर होता आणि खाली तीन ओळी. 'तुम्हाला घरी जायचं असेल तर इथे फोन करा. कोणाची परवानगी लागत नाही. फोन कधीही चालेल.'

*

चौदा नोव्हेंबरची शस्त्रक्रिया चांगली झाली. दुपटं आत न्यायची परवानगी नव्हती, पण एका नर्सनं नेलं. करार संपल्यावर आम्ही पुण्याला आलो. आजऱ्याला जायचं मी दोनदा ठरवलं. एकदा कोल्हापूरपर्यंत गेलेही, आणि स्टँडवर चहा पिऊन परत आले.

गेल्या महिन्यात मुक्ताची वार्षिक तपासणी होती. ती आता सात वर्षांची आहे. डॉक्टर या वेळी नवे होते, चेन्नईहून महिन्यातून एकदा येणारे. त्यांना मराठी येत नव्हतं. मुक्ता टेबलावर आडवी होती. उशाला ते दुपटं, तिला तिथे दुसरं काही चालत नाही.

"पळताना तिला काही त्रास होतो का?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. "तिलाच विचारा."

मी विचारलं. मुक्ता वर छताकडे बघत म्हणाली, "तिसऱ्या फेरीला इथे टोचतं. मग मी बुटाची लेस बांधायला बसते. लेस सुटलेली नसते, पण बाईंना कळत नाही."

माझा हात तिच्या पायावर होता. पाय गार होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, पेन हातात धरून. 'टोचतं' कागदावर उतरलं की पुन्हा इस्पितळ, पुन्हा तारखा.

"जरा दमते कधीकधी," मी त्यांना इंग्रजीत म्हटलं. "बाकी काही नाही."

त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

मुक्ता कोपरावर उठून बसली. शाळेत इंग्रजी शिकते ती, आता तिला सगळं कळतं.

"आई," ती म्हणाली, "मी असं नाही म्हटलं."